पासपोर्टवरची सदाफुली

१

वरदचा पासपोर्ट देवासमोरून नाहीसा झालाय हे कळलं तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता. त्याचं विमान संध्याकाळी पावणेआठचं.

"ताई, आत्ताच्या आत्ता वर या." फोनवर वरदच्या आईचा, सुनेत्राचा आवाज असा होता की मी पोळी तव्यावर तशीच ठेवली, गॅस तेवढा बंद केला आणि निघाले. शारजात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये मी चौदाव्या मजल्यावर राहते, पाटणकर मंडळी सतराव्या. जून महिना, बाहेर सेहेचाळीस डिग्री. शुक्रवारची सुट्टी असूनही खाली तलावाकाठी चिटपाखरू नव्हतं.

मी लतिका सोमण. बावीस वर्षं मेडिकल इन्शुरन्सच्या क्लेम डिपार्टमेंटमध्ये काढली. पोट दुखतंय म्हणून नाक सरळ करून घेणारी माणसं मी नुसत्या कागदांवरून ओळखली आहेत. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचं काही हरवलं की, बोलवा लतिकाताईंना. फी एक कप चहा, आलं घालून.

दार वरदनेच उघडलं. सहा फूट दोन इंच, मान माझ्या मांडीएवढी, आणि घरात काळा गॉगल. पडदे सगळे ओढलेले.

"या मावशी. गुडघा कसा आहे?"

"काल इंजेक्शन घेतलं. बराय. तुझं बोल."

"कोणीतरी घेतलाय, मावशी. घरातच कोणीतरी."

वरद खेळतो अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू हातात धरून पळायचं असतं, आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी आडवं करायचं. वरद आडवं करणाऱ्यांपैकी. लाइनबॅकर म्हणतात. मी एकदाच सामना बघायला गेले होते, तर पहिल्या दहा मिनिटांत मनातल्या मनात तीन क्लेम फॉर्म भरून झाले. तेव्हाच कळलं की हा डाव्या मांडीवरच्या पॅडमागे आईने दिलेलं देवाचं फूल खोचून खेळतो. "पॅड महत्त्वाचं की फूल रे?" असं विचारलं तर म्हणाला, "दोन्ही."

चौदाव्या वर्षी शाळेतल्या एका अमेरिकन सरांनी याचे खांदे बघून याला मैदानावर नेलं. मग दुबईची हौशी लीग, बावन्न नंबरचा शर्ट, सलग तीन सीझन सगळ्यात जास्त टॅकल, म्हणजे आडवी केलेली माणसं. गेल्या वर्षी चार महिने पोलंडमध्ये खेळला, नुसत्या राहण्या-जेवणावर. आणि आता जर्मनीतल्या एका क्लबाने खरोखरचा पगारी करार दिला होता. त्यांचा लाइनबॅकर पाय मोडून बसला होता. उद्या दुपारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर यादीतला पुढचा.

त्यात सव्वीस दिवसांनी वरदला पंचवीस पूर्ण होणार. इथे मुलगा पंचवीसचा झाला की बापाच्या व्हिसावर राहता येत नाही. जन्म शारजातला, शाळा शारजातली, पण वाढदिवसाचा केक कापला की हा इथला कोणी नाही. नोकरी धर, नाहीतर भारतात जा, जिथे त्याने उन्हाळ्याच्या सुट्ट्यांपलीकडे काही काढलेलं नाही. सगळ्या बाजूंनी दारं लागत आली होती आणि एकच उघडं होतं. त्याची किल्ली सकाळी देवासमोर ठेवली होती. ती आता नव्हती.

"अकराला मी पूजा केली," सुनेत्रा म्हणाली. "पासपोर्टला हळदकुंकू लावलं, याच्या हातावर दहीसाखर घातली. पाऊणला बॅगेत ठेवायला गेले, तर ताम्हन रिकामं."

"मधल्या वेळात घरी कोण आलं, कोण गेलं?"

"आम्ही चौघं घरातच होतो. एक अंश तेवढा येऊन गेला."

"अंश कोण?"

उत्तर वरदने दिलं. "माझ्याच टीममधला. माझ्याच पोझिशनला खेळतो. क्लबच्या यादीतला पुढचा तोच आहे, मावशी."

२

अंशला फोन केला तर तो दुबईला, अल बर्शाला पोचलेला. "अडीच-तीनपर्यंत येतो आंटी, ट्रॅफिक हेवी आहे," म्हणाला. तोवर घरातल्यांना धरायचं मी ठरवलं. विमानतळासाठी साडेचारला निघायलाच हवं होतं.

सुजीत पाटणकर, म्हणजे वरदचे बाबा, अकरापासून हॉलमध्ये दारासमोर लॅपटॉप घेऊन बसले होते. अंश साडेअकराला आला, सव्वाबाराला गेला, बाकी दार उघडलंच नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मग उगाच चष्मा पुसला.

मी क्लेमवाली आहे. माणूस विचारल्याशिवाय चष्मा पुसायला लागला की समजावं, दुसरं पान दाखवायचं राहिलंय.

"सुजीत, देवघरात तुम्ही कधी गेलात?"

"मी? मी कशाला... " ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अकरा पंचवीसला गेलो होतो. फोटो काढला पासपोर्टचा. हात नाही लावला, शप्पथ."

"फोटो कशाला?"

"आमच्या लॉजिस्टिक्समध्ये एक जागा आहे. एचआरला सांगून ठेवलंय. कॉपी पाठवायची होती." त्यांनी पोरग्याच्या बंद खोलीकडे पाहिलं. "ताई, तिकडे एक सीझन खेळेल, गुडघा जाईल, परत येईल. कुठे परत येईल? व्हिसा कुणाचा? बापाने काही बघून ठेवायला नको? त्याला कळलं तर घर डोक्यावर घेईल, म्हणून बोललो नाही. तिकिटाचे तेराशे दिरहम, म्हणजे तीस हजार रुपये मीच भरलेत हो. मी कशाला लपवू?"

फोन माझ्या हातात दिला. फोटो स्वच्छ होता. ताम्हनात निळा पासपोर्ट, त्यावर हळदकुंकवाची दोन बोटं आणि वर एक गुलाबी सदाफुली. सुनेत्राच्या बाल्कनीत एवढं एकच झाड जूनमध्ये तग धरतं. वेळ अकरा पंचवीस.

मी उठून देवघरात गेले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं लाकडी देवघर. ताम्हनात कुंकवाचा चौकोनी ठसा होता. पासपोर्ट नव्हता.

आणि सदाफुलीही नव्हती.

वाळलेली फुलं सुनेत्रा कचऱ्यात टाकत नाही, देवघराखाली निर्माल्याची पिशवी आहे. ती मी बोटांनी उसकटून पाहिली. कालची फुलं होती, तपकिरी पडलेली. आजचं गुलाबी एकही नाही.

आता मला सांगा, पासपोर्ट चोरायला आलेला माणूस फूल कशाला नेईल?

३

इरा, वरदची धाकटी बहीण, सतरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. बिछान्यावर पाय दुमडून बसली होती.

"आय डिडन्ट टच इट, मावशी."

"दादा चाललाय याचं वाईट वाटतंय?"

"ऑफ कोर्स." डोळे भरले. "ही गेट्स टु लीव्ह. आय विल बी स्टक हिअर विथ देम फायटिंग. बट आय वुडन्ट डू दॅट टु हिम."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ही पोर खोटं बोलत नव्हती.

मग वरद. त्याच्या खोलीत अंधार. दिव्याच्या बटणाला मी हात लावला तर ओरडला, "लाइट नको!" लगेच ओशाळला. "सॉरी. झोप नाही झाली. मावशी, गुडघा कसा आहे तुमचा?"

"इंजेक्शन घेतलं म्हटलं ना." पोराला वळण चांगलं आहे, एवढ्या टेन्शनमध्येही चौकशी करतो, असं मला वाटलं. वाटलं खरं. "सकाळी काय काय झालं, सांग."

"पूजा झाली. बॅग भरली. अंश आला, त्याला जुनं किट दिलं. पॅड, शूज, सगळं. तिकडे क्लब नवीन देणार आहे." तो खिडकीशी गेला. सतराव्या मजल्यावरच्या खिडक्या चार बोटं उघडतात, तेवढ्या फटीत त्याने हात घातला आणि गरम हवा लागताच काढून घेतला. "मावशी, माझा श्वास कोंडतोय इथे. आज नाही गेलो ना, तर खलास. परत कोणी बोलावणार नाही."

"डोकं दुखतंय का रे?"

"नाही," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

बाहेर आले तर सुजीतच म्हणाले, "तसली काळजी करू नका. शनिवारी निरोपाचा सामना झाला, त्यात जरा धडक बसली डोक्याला. क्लबाने व्हिडिओ पाहिला आणि लगेच मंगळवारी कॉम्प्युटरवर मेंदूची टेस्ट घेतली. इथल्या लीगने फेब्रुवारीत घेतलेल्या टेस्टशी ताडून पाहिली. मार्क जवळजवळ तेवढेच. त्यांच्या डॉक्टरचं पत्र आहे, फिट म्हणून."

पत्र मी वाचलं. कागद चोख होता. मी डोक्यातला विचार बाजूला ठेवला, कारण कागदापुढे आम्ही क्लेमवाले मान तुकवतो.

स्वयंपाकघरात सुनेत्रा ओट्याशी पाठमोरी उभी. ओट्यावर दह्याच्या दोन वाट्या, दोन्ही चाटूनपुसून साफ.

"दोन कशाला गं?"

"त्याने परत मागितली. पूजेनंतर अर्ध्या तासाने. म्हणाला, आई, दहीसाखर राहिली." तिने वाट्या भराभर सिंकमध्ये टाकल्या. "आवडते त्याला."

नळ सुरूच होता. पाणी वाट्यांवरून वाहत राहिलं आणि ती बघत राहिली. मग एकदम नळ बंद करून माझ्याकडे वळली.

"ताई, शोधाशोध थांबवा. पासपोर्ट मीच लपवलाय."

४

हॉलमधून सुजीत धावत आले. दारात वरद. त्याने गॉगल काढला, डोळे लालभडक.

"आई?"

"मीच लपवला. नाही जायचं तुला."

"अगं काय बोलतेस तू! दहा वर्षं! दहा वर्षं मी याचसाठी... " त्याने भिंतीवर हात आपटला. देवघरातली घंटा किणकिणली. "कुठे आहे? दे! यल्ला, लवकर, आई, दे ना!"

"नाही देणार."

सुनेत्रा भिंतीला टेकून उभी, हाताची घडी. पण मी तिचे डोळे बघत होते. ते एका जागी थांबत नव्हते. लपवणाऱ्याचे डोळे लपवल्या जागेकडे जायचं टाळतात. हिला टाळायला जागाच नव्हती.

"सगळे बाहेर व्हा," मी म्हटलं. "मला हिच्याशी बोलू द्या." दार लोटून घेतलं. "सुनेत्रा, बरं केलंस लपवलास तो. फूल कुठे ठेवलंस?"

"कुठलं फूल?"

"पासपोर्टवरचं."

तिने ताम्हनाकडे पाहिलं आणि चपापली. "अगंबाई, फूल पण नाही?"

"म्हणजे तू घेतला नाहीस. कशाला अंगावर घेतेस?"

तेव्हा ती खाली फरशीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. "नाही सापडला तर बरं होईल हो, ताई. मीच देवाला म्हटलं होतं, की याला जाऊ देऊ नकोस. शनिवारपासून पोरगं माझं नाही वाटत. परवा गॅस उघडा टाकून गेला. काय झालं विचारलं तर अंगावर येतो. यांना म्हटलं, तर हे डॉक्टरचं पत्र दाखवतात. अडवलं तर आयुष्यभर म्हणेल, आईने माझं वाटोळं केलं. जाऊ दिलं तर... मी काय करू? दोन्हीकडून मेलेच ना मी?"

मी तिच्याशेजारी बसू शकले नाही, गुडघा वाकत नाही. नुसता खांद्यावर हात ठेवला. या घरात प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात कोंडलेला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की दार दुसऱ्याने लावलंय.

तीनला दहा कमी असताना अंश आला. घामाने भिजलेला, बावीस-तेवीसचा, नागपूरकडच्या कुटुंबातला.

"अंकल, मी कशाला घेईन यार? वरद भाईने किट दिलं, मी घेतलं, गेलो."

"तुझा नंबर लागतो ना त्याच्यानंतर?" सुजीत गरजले. "बॅग कुठे आहे?"

"खाली गाडीत. उघडली पण नाही अजून."

"आण वर!"

तो गेला. सोफ्यावर बसलेल्या वरदने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. मी समोर बसताना कण्हले, तसं त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर तीच सौजन्याची रेघ.

"मावशी, गुडघा कसा आहे तुमचा?"

मी बोटांवर मोजायला लागले.

दोन वाट्या. तीन वेळा गुडघा. देवासमोरचं एक फूल. आणि एक मुलगा, जो देवाचं फूल कायम एकाच ठिकाणी ठेवतो. पासपोर्ट कुठे आहे ते मला कळलं. बावीस वर्षांत क्लेम पकडल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं.

५

अंशने बॅग हॉलच्या मधोमध ठेवली. सुजीतनी चेन ओढून ती सरळ उलटी केली. खांद्याचे पॅड, शूज, हातमोजे, बावन्न नंबरचा शर्ट, पांढरी पँट. शूजमध्ये हात घातले, मोजे झटकले. काही नाही.

"बघा!" अंश म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "सांगत होतो ना मी?"

"पँट राहिली," मी म्हटलं. "आतून मांडीवर पॅड घालायचे खिसे असतात ना? डावा बघा."

सुजीतनी आत हात घातला. आधी जाड काळं पॅड निघालं. त्यामागून निळा पासपोर्ट, कुंकवाने माखलेला. त्याच्या पानांत चपटी झालेली गुलाबी सदाफुली.

"हरामखोर!" सुजीतनी अंशची कॉलर धरली. "मित्र म्हणवतोस?"

"सोडा त्याला!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने की इरा खोलीतून बाहेर आली. "सुजीत, डोकं चालवा जरा. चोरलेला पासपोर्ट असा फुलासकट पॅडमागे कोण ठेवेल? आणि चोराने ती बॅग तुमच्यासमोर आणून ठेवली असती? वाटेत खाडीत नसता टाकला?"

"मग ठेवला कोणी?"

"सुनेत्रा, सामन्याच्या दिवशी तू याला काय देतेस?"

"ताम्हनातलं फूल. स्वतःच उचलतो तो. आणि पॅडच्या मागे... "

"डाव्या." मी वरदकडे वळले. "बाळा, सकाळी देवासमोर गेलास, ताम्हनात हात घातलास, जे होतं ते उचललंस आणि पँटीत खोचलंस. दहा वर्षांची सवय आहे हाताची. तुझ्या हाताला वाटलं, आज सामना आहे. मग किट भरलंस आणि अंशला देऊन टाकलंस. कोणी काही चोरलं नाही रे."

इरा दोन पावलं पुढे आली.

"ही आस्क्ड मी," इरा हळूच म्हणाली. "धिस मॉर्निंग. मॅचचा किकऑफ किती वाजता आहे म्हणून. आय थॉट ही वॉज जोकिंग."

"खोटं आहे!" वरद उठला, तोल गेला, सोफ्याची पाठ धरली. "मी असलं काही केलं नाही. मला आठवलं असतं ना?"

"पण डॉक्टरने पास केलंय त्याला," सुजीत म्हणाले. आता ते मलाच विनवत होते. "दोन्ही टेस्टचे मार्क सारखे आहेत. तुम्ही स्वतः वाचलंत ना, ताई?"

"वाचले. आणि तिथेच फसले. मंगळवारचे मार्क बघितले, फेब्रुवारीचे किती होते ते विचारलंच नाही." मी अंशकडे पाहिलं. तो शूजच्या लेस गुंडाळत बसला होता. "अंश, फेब्रुवारीत ती टेस्ट याने कशी दिली?"

"आंटी... "

"हे बघ, आत्ताच चोर म्हणून तुझी कॉलर धरली गेली, तरी तू गप्प बसलास. मित्र असावा तर असा. पण आता बोल."

त्याने वरदकडे पाहिलं. "सॉरी भाई." मग खाली बघत म्हणाला, "सगळे करतात आंटी. सीझनच्या आधी, डोकं चांगलं असताना टेस्ट घेतात ना, तेव्हा मुद्दाम खराब द्यायची. शब्द विसरायचे, बटण उशिरा दाबायचं. म्हणजे नंतर डोक्याला लागलं तरी मार्क तेवढेच दिसतात आणि बाहेर बसवत नाहीत. त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो होतो. शनिवारी एकालाच पाडायला दोघं धावलो, त्याला लागलं ते माझ्याच हेल्मेटने. उठला आणि समोरच्या टीमच्या बाकाकडे चालायला लागला. मी हात धरून आणला. त्याने शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही. मी बोललो असतो तर सगळे म्हणाले असते, याला स्वतःला जायचंय म्हणून बोलतोय."

सुजीत मटकन खुर्चीत बसले.

६

पासपोर्ट टेबलावर होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार.

वरद टेबलाजवळ आला आणि त्याने तो उचलला. कोणी अडवलं नाही.

"मी जाणार," तो म्हणाला. "विमानात झोपेन, बरा होईन. तिकडे पहिला आठवडा नुसती प्रॅक्टिस असते. मावशी, तुम्हाला नाही कळणार. इथे राहिलो तर मी कोण आहे? सव्वीस दिवसांनी मला इथे राहायचीसुद्धा परवानगी नाही. माझ्याकडे हे एकच आहे."

मला वाईट वाटलं. पण मी असे कागद पाहिलेत. एकदा हललेल्या डोक्यावर, ते भरून यायच्या आत दुसरी धडक बसली की काय होतं, त्याच्या फाइली मी बंद केल्यात. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या.

"जा," मी म्हटलं. "मी तुझी कोणी नाही, तुला अडवायला. एकच सांग आणि जा. माझ्या गुडघ्याचं काय झालं?"

तो गोंधळला. "का? काय झालं गुडघ्याला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, बाबांकडे. सगळ्यांचे चेहरे एकसारखे झाले होते आणि ते त्याने वाचले. खेळाडू आहे तो. समोरच्याच्या खांद्यावरून चेंडू कुठे जाणार ते ओळखणं हेच त्याचं काम.

"मी हे आधी विचारलं?"

"तीनदा."

"आज?"

"आज."

तो पासपोर्टकडे बघत राहिला. अंगठ्याला कुंकू लागलं होतं, ते त्याने पाहिलं. मग अंगठ्याच्या नखात अडकलेलं जुनं, सकाळचं, वाळलेलं कुंकू पाहिलं.

"म्हणजे मीच," तो म्हणाला. "आणि मी दिवसभर तुम्हा सगळ्यांना चोर... " एवढा मोठा मुलगा लहान पोरासारखा हमसून रडायला लागला. सुनेत्राने त्याला जवळ घेतलं, म्हणजे त्याच्या छातीपर्यंत ती पोचली. "मला भीती वाटत होती, आई. शनिवारपासून. सांगितलं असतं तर संपलंच असतं ना सगळं."

"काही संपत नाही," सुजीत म्हणाले. "क्लबाला मी फोन करतो. खरं काय ते सांगतो."

"बाबा, माझ्या जागी अंशला बोलावतील."

"बोलावू देत."

अंश मान हलवत होता, नको नको म्हणत होता. वरदने डोळे पुसले आणि पायाने त्याच्याकडे शूज सरकवले. "घे ना, गाढवा. आणि तिकडे गेलास की टेस्ट नीट दे."

मी पर्समधून इन्शुरन्सचा नंबर काढला. "पंचवीस व्हायला सव्वीस दिवस आहेत. तोवर बापाच्या व्हिसावर आहेस, म्हणजे बापाच्या इन्शुरन्सवर आहेस. डोक्याचा स्कॅन आजच करायचा. क्लेम नाही कसा म्हणतात ते मी बघते." ज्या व्हिसापायी पोराचा श्वास कोंडत होता, तोच आज उपयोगी पडत होता. मी हे बोलून नाही दाखवलं.

वरदने पासपोर्ट नेऊन परत ताम्हनात ठेवला. चुरगळलेली सदाफुलीही वर ठेवली, नीट मधोमध.

साडेचारला गाडी निघणारच होती. फक्त विमानतळाऐवजी हॉस्पिटलला. सुजीत किल्ल्या घेऊन पुढे गेले, इरा दादाचा गॉगल घेऊन लिफ्ट धरून उभी राहिली. वरदने बूट घातले आणि दारातून मागे वळला.

"आई, दहीसाखर? सकाळपासून दिलीच नाहीस."

मी सुनेत्राकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट दाबून धरले होते.

"हो रे. राहूनच गेली बघ," ती म्हणाली आणि दही काढायला आत गेली.

त्याने हात पुढे केला, तिने चमचाभर तळहातावर घातली. त्याने ती चाटून खाल्ली, हात पँटीला पुसला आणि वाकून दोघींच्या पाया पडला.

"मावशी," लिफ्टमध्ये शिरताना तो म्हणाला, "तुमचा गुडघा... "

"काल इंजेक्शन घेतलं," मी म्हटलं. "बराय आता."